माझ्या नव्या सायकलीचा आवाज

आधी एक सांगून टाकते. मी भांडखोर बाई नाही. जावा बेटावरच्या बातू गावात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, गुलाबाची रोपं विकणारी कुस्मियाती कधी कुणावर आवाज चढवते का? शेजारणीचा कोंबडा माझी कलमं उकरून जातो, तरी मी तिला "असू दे हो" म्हणते. पण त्या रविवारी मी जे केलं ते केलं, आणि त्याचा मला तिळभरही पश्चात्ताप नाही. उलट अजून चार शब्द बोलायला हवे होते असं वाटतं.

एकावन्नाव्या वर्षी मी स्वतःसाठी सायकल घेतली. डोंगरातली सायकल, पुढं-मागं सस्पेन्शन, रंग शेवाळी हिरवा. त्याआधीची दहा वर्षं नवऱ्याची जुनी लोखंडी सायकल रेटत मी डोंगर चढले होते. स्वतःच्या मापाची, दुसऱ्या कुणाच्या ढुंगणानं न झिजलेली सीट म्हणजे काय, हे मला एकावन्नाव्या वर्षी कळलं. पहिल्या रात्री ती मी बाहेरच्या खोलीत उभी केली आणि चहाचा कप घेऊन नुसती बघत बसले. नवरा म्हणाला, "बुने, माझ्याकडे असं कधी बघितलं नाहीस." मी म्हटलं, "पाक्ने, तुम्हाला सस्पेन्शन कुठंय?" (आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना अशीच हाक मारतात, पोरांची आई, पोरांचे बाबा.)

सायकल घेतली ओम हार्तोयोच्या दुकानातून. आमच्या सायकलवाल्यांत वय कितीही असो, पुरुष म्हटला की 'ओम' आणि बाई म्हटली की 'तांते'. आमच्या रविवारच्या कंपूत ओम बरेच, तांते मी एकटी. सगळ्यांच्या अंगातल्या जर्सीवर हार्तोयोच्या दुकानाचं नाव. दर रविवारी खाली उतरल्यावर बाक्सोचे, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांच्या रश्श्याचे, गरमागरम वाडगे येतात तेही त्याच्याच तर्फे. तेव्हा सायकल दुसरीकडून घ्यायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या रविवारी मी रीतीप्रमाणे पिवळ्या भाताचा डोंगर केला. भोवती कोंबडी, सोयाबीनचं तळलेलं तेंपे, अंड्याच्या चकत्या. भाताचं शिखर कापून मानानं ओम सुबेक्तींच्या पानात वाढलं. ते निवृत्त हेडमास्तर, आमच्या कंपूचे म्होरके. सगळे पोटभर जेवले. सगळ्यांनी सायकलीची तारीफ केली. रंग काय सुंदर! तांते, शोभतेय बरं का! पण बसलं कुणी नाही. आमच्यात नवी सायकल आली की हे मेले मालकाच्या आधी एकेक फेरी मारून घेतात, ब्रेक दाबून बघतात, फोर्कवर उड्या मारतात, मालक बिचारा बाजूला हात चोळत उभा. माझ्या सायकलीला मात्र एकानं हात लावला नाही. मला वाटलं, बाईची सायकल म्हणून मर्यादा पाळतायत. केवढी भारावले होते मी!

नव्या सायकलीच्या कुरबुरी असतात, त्या मला मान्य आहेत. पहिल्या आठवड्यात मागची चकती ब्रेकला घासून चिवचिवायला लागली. मी ब्रेकचे दोन बोल्ट सैल केले, लिव्हर दाबून धरली आणि परत आवळले. गेलं चिवचिवणं. मग गियर दोन-दोन दात उड्या मारायला लागला. नवी केबल ताणते, त्याचं एवढं काही नाही. बटण अर्धा फेरा फिरवलं की जागेवर. आरे करकरले, तेही आवळून आणले. सीटची दांडी उतारावर हळूच खाली घसरायची, तिला पुसून पेस्ट लावली. उलट मजा यायची मला. गुलाबाच्या रोपालाही नव्या कुंडीत पंधरा दिवस द्यावे लागतात, पानं गाळतं, रुसतं, मग धरतं. संध्याकाळी गिऱ्हाईक थांबलं की मी शेडमध्ये उलटी बादली घेऊन बसायची आणि चेनची एकेक कडी पुसायची. बोल्ट किती जोरानं आवळायचा हे काट्यावर दाखवणारं हत्यारसुद्धा आणलं. पाक्ने म्हणाला, "एवढी सेवा माझ्या गाडीची केली असतीस तर ती आज विमान झाली असती." त्याची गाडी म्हणजे वीस वर्षांची प्रवासी व्हॅन. ती विमान काय, नीट व्हॅनसुद्धा नाही.

तिसऱ्या आठवड्यात आवाज सुरू झाला.

कट्ट.

चढावर उजव्या पायानं जोर दिला की कट्ट. उडी मारून जमिनीवर आले की कट्ट. सपाटीवर गप्प. मोठा आवाज नव्हता, पण तो माझ्या तळपायातून वर यायचा आणि दातांत जाऊन बसायचा.

रविवारी विचारलं, तर सल्ल्यांचा पाऊस. ओम सुबेक्ती म्हणाले, "पायडल काढून आट्यांना ग्रीस लावा." लावलं. कट्ट. ओम लास्मोनो, आमचे जनावरांचे डॉक्टर, जमिनीकडे बघत म्हणाले, "सीटची दांडी असेल, तांते." दांडी काढली, पुसली, बसवली. उभी राहून चालवलं, तरी कट्ट. मग सीट कुठून वाजणार, सांगा! हँडल झालं, मागचा आस झाला, क्रँक झाली. एकानं तर मला सांगितलं, "बायका गुडघे बाहेर काढून पायडल मारतात, त्यामुळं होतं." त्याला मी म्हटलं, "ओम, गेली दहा वर्षं मी तुमच्या पुढं असते. माझे गुडघे तुम्हाला दिसले कधी, ते तरी सांगा." सगळे हसले. तोही हसला. आवाज तसाच राहिला.

दुकानात तीन वेळा घेऊन गेले. तिथला मेकॅनिक गुनादी, सगळे त्याला 'मास' म्हणजे दादा म्हणतात, तिशीचा, हात सोन्याचे. मी बोलायला लागले की तो मान खाली घालून "इंग्गे, इंग्गे" म्हणायचा. आमच्या जावानीत ते होकाराचं बोलणं, पण त्यात काम होईलच असं काही नाही. दोन तासांनी सायकल परत मिळायची, धुतलेली, चकचकीत, आणि कोपऱ्यावर वळते तोच कट्ट.

तिसऱ्या वेळी हार्तोयो स्वतः बाहेर आला. गोरापान, गोडबोल्या, कायम नुकतीच आंघोळ केल्यासारखा. म्हणाला, "नवी सायकल बोलते हो, तांते. नव्या सुनेसारखी. रुळली की गप्प बसते."

त्याच्या थोबाडावर सांगायला हवं होतं की आमची सून पहिल्या दिवसापासून बोलतेय आणि अजून गप्प बसलेली नाही. पण मी काय म्हटलं? मीसुद्धा म्हटलं, "इंग्गे, ओम. माझे कानच जरा तिखट आहेत." आणि त्यानं फुकट दिलेली पाण्याची बाटली छातीशी धरून घरी आले! याचा राग मला अजून येतो. दुसऱ्यांना नावं ठेवते, पण भिडेपायी माझीसुद्धा जीभ टाळूला चिकटते.

मग एका बुधवारी दुपारी मी शेडचं दार लावून घेतलं आणि सायकल पार उघडली. चाकं काढली, क्रँक काढली, एकेक आटा बघितला. काही नाही. हताश होऊन फ्रेम पुसायला घेतली. खालच्या जाड नळीवर, पायडलच्या आसाच्या डब्याला ती जिथं जोडलीय तिथं, दुकानाचा तळहाताएवढा स्टिकर होता. त्याचा कोपरा उचकटला होता. वाकडातिकडा दिसतो म्हणून मी तो सोलून काढला.

खाली एक रेघ होती. केसाएवढी.

पहिल्यांदा वाटलं, माती असेल. थुंकी लावून पुसली. गेली नाही. नख फिरवलं, तर नख अडकलं. अहो, मी आयुष्यभर कलमं बांधलीत. वरून हिरवं दिसणारं कलम आत सांध्यात फुटलेलं असलं तर माझ्या बोटांना कळतं.  गेले सात रविवार मी याच सायकलीवरून वातू गेडे डोंगराची उतरण उतरत होते. दोन्ही बाजूंना पाइन, मधे दीड पुरुष उंचीचा खडक, त्याच्यावरून झेप.

मी पेनानं रेघेच्या दोन्ही टोकांना खूण केली. गुरुवारी गल्लीतला चढ फक्त दोनदा चढले. परत येऊन बघितलं, तर रेघ खुणेच्या पुढं तांदळाच्या दाण्याएवढी सरकली होती.

फोटो काढून कंपूच्या ग्रुपवर टाकला. लिहिलं, "फ्रेमला तडा आहे. वाढतोय. कुणी माझ्याबरोबर दुकानात येईल का? मी एकटी बोलले तर मला वेडी ठरवतात." उत्तरं काय यावीत? अकरा जणांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. ओम सुबेक्तींनी लिहिलं, "सर्वांनी शांत राहू या. रविवारी दुकानाचा वर्धापनदिन आहे, मूड चांगला ठेवू या." ओम लास्मोनोंनी चकार शब्द लिहिला नाही. आणि हार्तोयो, तोही त्याच ग्रुपवर, लिहितो, "फक्त रंगाला गेलेली रेघ आहे, तांते. घाबरू नका, बिनधास्त चालवा!" खाली हसरा चेहरा.

बिनधास्त चालवा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाक्नेला दाखवलं. तो बिचारा दाराशी चपला काढत होता, त्यानं मेसेज दोनदा वाचला.

"बुने, तू बोलू नकोस चारचौघांत," तो म्हणाला. "माणूस लाजेल. सोमवारी मी जाऊन हळूच सांगतो."

"मी पडून मेले तर हळूच सांगाल का?"

"असं अभद्र काय बोलतेस!"

"मग तुम्ही सांगा, बिनधास्त म्हणजे काय? बिनधास्त कुणी चालवायची? त्यानं, का मी?"

पाक्नेनं काढलेल्या चपला परत घातल्या आणि तो बाहेर निघाला. याचं उत्तर माझ्या डोक्यात तिथंच तयार झालं.

रविवारी मी सायकल चढावर ढकलत नेली. एकदाही बसले नाही. बाकीचे बाजूनं पुढं जाताना "तांते, आज पायी?" म्हणत होते, आणि मी नुसती हसत होते. वातू गेडेच्या माथ्यावर सगळे जमले. नव्या पिवळ्या जर्सी, दुकानाचा झेंडा, फोटो. हार्तोयो आपली झुळझुळीत सायकल घेऊन मधोमध उभा. ओम सुबेक्तींनी छोटं भाषण केलं, कुटुंब, आरोग्य, बंधुभाव वगैरे. टाळ्या झाल्या. मग मी पुढं झाले.

"ओम हार्तोयो," मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "आजचा मान तुमचा. पहिली उतरण तुम्ही उतरा. आणि माझी एक इच्छा आहे. माझ्या सायकलीवरून उतरा. तुमच्या दुकानाची आहे, तुमचे पाय लागले तर बरं वाटेल तिला."

दोन्ही हातांनी मी हँडल त्याच्यापुढं धरलं. आता नाही कसं म्हणणार? तीस माणसांदेखत, बाईनं अदबीनं दिलेली वस्तू नाकारायची? त्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

"इंग्गे, इंग्गे," तो म्हणाला आणि सायकल घेतली.

आधी त्यानं सीट खाली केली. मग वर केली. मग टायर दाबले. मग हेल्मेटचा पट्टा सोडून परत लावला. एक पाय टाकून उतरणीच्या तोंडाशी गेला, खाली खडकाकडे बघितलं. ब्रेक इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. आम्ही सगळे बघतोय. पाइनवर कुठंतरी सुतारपक्षी ठोकत होता.

"काय झालं, ओम?" मी विचारलं. "फक्त रंगाची रेघ आहे ना?"

"गुडघा," तो म्हणाला. "काल रात्रीपासून जरा..." आणि त्यानं पाय खाली काढला.

"अरे अरे. मग ओम सुबेक्ती, तुम्ही उतरता का?"

हेडमास्तरांनी पोटावर हात ठेवला. "मी नाश्ता केला नाही, तांते."

"ओम लास्मोनो?"

लास्मोनो इतके पांढरे पडले की मला वाटलं आता हेच कोसळतात. मग मी एकेकाच्या समोर सायकल नेली. अक्षरशः एकेकाच्या! कुणाची पाठ, कुणाचा चष्मा विसरलेला, कुणाला बायकोचा फोन येणार होता. माझ्या गुडघ्यांना दोष देणारे ओम तर झाडामागं लघवीला गेले ते आलेच नाहीत. ज्या सायकलीवर मी सात रविवार उड्या मारल्या, तिच्यावर बसायला एक मायेचा पूत तयार नव्हता.

तेव्हा मागून, दुकानाच्या माणसांत उभा असलेला मास गुनादी बोलला. "त्यावरून कुणी उतरू नका." मान खालीच, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "ती फ्रेम गेलीय. स्टिकर मीच लावला होता, तांते. मला लावायला सांगितला होता."

"गुनादी!" हार्तोयो ओरडला.

"ही चाचणीची सायकल आहे," गुनादी थांबला नाही. "गिऱ्हाइकांना चालवून बघायला ठेवलेली. तुम्ही घ्यायच्या महिनाभर आधी, तुम्ही आला नव्हता त्या रविवारी, ओम लास्मोनो हिच्यावरून याच खडकावर पडले. फ्रेम दगडावर आपटली. मग फ्रेम रंगवली, सुटे भाग नवे घातले आणि..."

मी लास्मोनोंकडे वळले. त्या माणसाचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं हार्तोयोंनी फ्रेम बदलली असेल, तांते. देवाशपथ वाटलं. पण आवाज ऐकला आणि..."

"आवाज ऐकला?"

"ऐकला ना."

"कधी?"

ते हातमोजे काढायला लागले. मी सुबेक्तींकडे बघितलं. त्यांनी जर्सीची चेन गळ्यापर्यंत ओढली. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "सगळ्यांनीच ऐकला, तांते. पहिल्यापासून."

आणि एकदा बांध फुटल्यावर काय विचारता! ज्याला त्याला बोलायचं होतं. मला सीटचा नाही हे माहीत होतं. मी घरी बायकोला म्हटलंही होतं. मला तर भात खातानाच ओळखू आली होती सायकल, मागच्या नळीवरच्या रंगाखालच्या ओरखड्यावरून. मला! मलाही! जणू बक्षीस वाटत होतं कुणीतरी. सात रविवार तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली माणसं, आता एकमेकांच्या वर आवाज काढत होती.

हार्तोयो घाईघाईनं माझ्याजवळ आला. "उद्या नवी फ्रेम, तांते. नवी कोरी, खोक्यातली. तुमच्यासमोर उघडू. गुनादी बसवून देईल. झालं ना? मिटलं ना आता?" त्याचा गुडघा एकदम बरा झाला होता.

"खोकं मी उघडणार," मी म्हटलं. "आणि जुनी फ्रेम मी घेऊन जाणार. करवतीनं दोन तुकडे करून. म्हणजे ती परत रंगवून आणखी एखाद्या तांतेला शोभायला नको."

तो "इंग्गे" म्हणाला. या वेळी त्याला ते पाळावं लागलं, ते दोन तुकडे आज माझ्या शेडमध्ये आहेत. पण खरं सांगते, त्या क्षणी फ्रेमचं मला काही वाटत नव्हतं. चोर म्हणून हार्तोयो मला कळत होता. चोर चोरासारखा वागला. हे बाकीचे मला कळत नव्हते. यांच्या पोरींच्या लग्नात मी फुलं लावलीत. लास्मोनोंची आई गेली तेव्हा तीन रात्री त्यांच्या घरी बसलेय मी.

"का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज फाटला होता, मला थांबवता येत नव्हता. "एकानं! एकानं माझ्या कानात सांगितलं असतं तर?"

ओम सुबेक्ती पुढं आले. चांगला माणूस, खरंच चांगला. शिव्या द्याव्यात तर तोंडात येत नाहीत. ते म्हणाले, "तांते, तुम्ही इतक्या खूश होता. भात केलात, सगळ्यांना आग्रह करून वाढलात. कुठल्या तोंडानं सांगायचं? आम्हाला फार वाईट वाटत होतं."

"वाईट वाटत होतं! आणि मी त्या खडकावर पडले असते तर, ओम? मान मोडली असती तर काय केलं असतंत तुम्ही?"

ते खरोखर दुखावले. हा काय प्रश्न झाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"असं काय विचारता, तांते?" ते म्हणाले. "आम्ही सगळे भेटायला आलो असतो. फळांची टोपली घेऊन."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आणि आले असते हो. एकही मागं राहिला नसता.